वाढत्या अंगाचा पंप

आमच्या सोसायटीत एक अलिखित नियम आहे. सभेत जो प्रश्न विचारतो, त्याच्याच गळ्यात तो प्रश्न बांधतात. पार्किंगमध्ये कबुतरं फार झाली आहेत असं बोलून गेलेले एक गृहस्थ आजतागायत हातात काठी घेऊन कबुतरं हाकलतात. त्यामुळे आमच्या सभा अतिशय शांततेत पार पडतात. कमिटीवाले बोलतात आणि बाकीचे समोशांची वाट बघतात. हा नियम मला पुरता ठाऊक होता. तरीही गेल्या नोव्हेंबरात मी, सुधीर पेडणेकर, सी विंग, तिसरा मजला, निवृत्त स्टोअर्स ऑफिसर, भर सभेत उभा राहिलो आणि विचारलं, "आपला स्विमिंग पूल कधी सुरू होणार?"

सभेने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी चुकून लोकलाजेस्तव झाकलेलं काहीतरी उघडं केलं होतं. आमचे चेअरमन यशराज भोईटे ऐरोलीतल्याच एका आयटी कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहेत. माझ्या मुलाच्या वयाचा माणूस, स्वभावाने चांगला, पण कानात कायम ते पांढरं यंत्र असल्यामुळे तो आपल्याशी बोलतोय की अमेरिकेशी हे कळत नाही.

"काका, एक्सलंट पॉइंट!" तो म्हणाला. हे माझ्यासाठी होतं. "पंप जळलाय ना आपला. हे तुम्हीच लीड करा. तुमचा एक्स्पीरियन्स आहे."

टाळ्या पडल्या. मी खाली बसायच्या आत पंप समिती स्थापन झाली होती. तिचा अध्यक्ष मी आणि सदस्यही मीच. समोसाही मला गार मिळाला.

आता सगळं माहीत असून मी उभा का राहिलो, तर जाईसाठी. जाई माझी नात, अभिरामची मुलगी. अभिराम टोरांटोला असतो. दर रविवारी त्याचा व्हिडिओ कॉल येतो आणि त्यात आम्ही एकमेकांना हवामान सांगतो. शुभदा, माझी बायको, होती तेव्हा कॉलवर ती बोलायची आणि मी मागून डोकं घालून "मी पण आहे" एवढं कळवायचो. ती गेल्यापासून पूर्ण पडदा मला एकट्याला मिळतो आणि त्याचं काय करायचं ते मला अजून उमगलेलं नाही. तर एका रविवारी अभिराम म्हणाला की डिसेंबरात येतोय, पुण्याला उतरणार. म्हणजे व्याह्यांकडे. व्याह्यांकडे काय नाही? कुत्रा आहे, अंगणात झोपाळा आहे, जाईच्या दोन मावश्या आहेत. माझ्याकडे टू बीएचके आहे आणि मी आहे.

जाई टॅबलेटवर काहीतरी खेळत होती. मान वर न करता तिने विचारलं, "आजोबा, तुमच्याकडे काय आहे?"

प्रश्न साधाच होता. पण मी घरभर नजर फिरवली आणि मला एकही वस्तू दिसली नाही जी मी तिला सांगावी. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "स्विमिंग पूल आहे!"

जाईने टॅबलेट खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. कॉलवर तिने माझ्याकडे सरळ पाहण्याची ती बहुधा पहिलीच वेळ असावी. "खरंच?" ती म्हणाली. अभिरामही खूश झाला. "मग बाबा, चार दिवस तुमच्याकडेच राहू."

फोन ठेवला आणि मी चपला घालून तडक खाली गेलो, कारण पूल बघितल्याला मला दोन वर्षं होऊन गेली असतील. पूल होता. पाणीही होतं, अळूच्या फतफत्याच्या रंगाचं. तळाशी एक प्लास्टिकची खुर्ची दिसत होती, म्हणजे खुर्चीचे दोन पाय दिसत होते. बेडकांनी आपला कारभार थाटला होता आणि माझ्या येण्याने त्यांचा स्पष्टपणे हिरमोड झाला होता.

सभेनंतर पंपघराचं कुलूप वॉचमनने उघडून दिलं. आत पंप होता. तो निळा होता. भिंत निळी होती, पाइप निळे होते, आणि पंपावरची ती पत्र्याची पट्टी, जिच्यावर कंपनी आणि ताकद लिहिलेली असते, तीही निळी होती. आमच्याकडे दिवाळीआधी एक रंगारी येतो आणि समोर येईल ते ऑइलपेंटने रंगवून जातो. इतक्या वर्षांत त्या पट्टीवर इतके हात चढले होते, की मी घरून चाकू, सॅंडपेपर आणि शेवटी रॉकेलची बाटली आणून घासलं, तरी खाली निळ्याखाली निळाच निघत गेला. म्हणजे जळालेला पंप किती हॉर्सपॉवरचा होता हे जाणून घेण्याचा मार्ग खुंटला.

ही बातमी पसरली आणि माझ्या दाराची बेल वाजायला लागली.

हे मला मुद्दाम सांगितलं पाहिजे. एरवी माझी बेल दिवसातून एकदाच वाजते, ती गोजराबाई कामाला येतात तेव्हा. कधीकधी कुरियरवाला वाजवतो, पण त्याला चौथा मजला हवा असतो. आता मात्र लोक सल्ले द्यायला येऊ लागले. मी एक लिटर दूध जास्त घ्यायला लागलो, खारी बिस्किटं आणून ठेवली. "काका, पंपाचं काय झालं?" असं कोणी जिन्यात विचारलं की मी उगीचच कपाळावर आठ्या आणून "चाललंय, चाललंय" म्हणायचो. आपण महत्त्वाचे आहोत असं वाटायला माणसाला फार काही लागत नाही.

सल्ल्यांचे दोन पक्ष पडले. मोठ्या पंपाच्या पक्षाचे पुढारी सिताराम ठाकूर. हे मूळचे उरणकडचे, तिकडे त्यांचा कोळंबीचा तलाव आहे, आणि मुलांच्या नोकरीसाठी इथे फ्लॅट घेतला आहे. ते सोफ्यावर ऐसपैस बसले आणि म्हणाले, "पेडनेकर साहेब, पान्याच्या कामान कंजूसी नाय करायची. आमच्या उरनला माझा पंप हाय, चालू केला का कोलंबी बी घाबरते. मोठाच घ्या."

"पण पुलात कोळंबी नाही," मी म्हणालो.

"मानसा हायत ना!" ते म्हणाले.

लहान पंपाच्या पक्षात एकट्या अरुणाताई होत्या. त्या माझ्याच विंगमध्ये तळमजल्यावर राहतात आणि पंपघराची भिंत त्यांच्या देवघराला लागून आहे. "अहो पेडणेकर, आधीचा पंप चालू असताना मला देवाचं नाव घेतलेलं ऐकू यायचं नाही," त्या म्हणाल्या. "लहानसा आणा. आणि नात येणार म्हणताय, तर लहान मुलीला काय करायचाय एवढा मोठा?"

यशराजनेही जिन्यात कान मोकळा करून मत दिलं, "काका, स्केलेबल बघा." म्हणजे काय ते मी विचारलं नाही. पण घरी आल्यावर मला त्याचा अर्थ आपोआप कळला. त्याचा अर्थ वाढत्या अंगाचा.

वाढत्या अंगाचं हे आमच्या घराचं धोरणच होतं. शुभदाने अभिरामला आयुष्यात मापाची वस्तू घेतली नाही. त्याच्या शाळेच्या शर्टाच्या बाह्या बोटांच्या पुढे लोंबायच्या, चड्डीला पट्टा लावूनही ती हाताने धरून तो धावायचा, बुटांत पुढे कापूस असायचा. शर्ट मापाला येईपर्यंत तो कॉलरला फाटायचा आणि मग नवा, पुन्हा वाढत्या अंगाचा. त्या पोराला बरोबर मापाचे कपडे पहिल्यांदा मिळाले ते लग्नात, तेही सासरकडून. पण या धोरणात चूक कुठे आहे हे मला कधी दिसलं नाही. वस्तू मोठी असली की पुढचं सगळं गृहीत धरता येतं. म्हणून मी ठरवलं की जुना पंप दीडचा असावा, तर आपण तीनचा घ्यावा.

पावणे एमआयडीसीत मी बत्तीस वर्षं नोकरी केली, पण तिथल्या पंपवाल्याच्या दुकानाची पायरी कधी चढलो नव्हतो. दुकानाचे मालक अश्विनशेठ. त्यांनी विचारलं, "जुना केवढा होता?"

मी दोन्ही हात पसरून दाखवलं, "एवढा."

"साहेब, भोपळा घेताय का? एचपी किती? पूल किती लिटरचा? फिल्टर केवढा आहे?"

मी आयुष्यभर स्टोअर्स सांभाळलेला माणूस. कोणी नट मागायला आला आणि माप सांगू शकला नाही, तर त्याला मी आल्या पावली परत पाठवायचो. तोच मी आता काउंटरच्या या बाजूला उभा होतो. इज्जतीचा प्रश्न होता. मी ठामपणे म्हणालो, "तीनचा द्या. वाढत्या अंगाचा असलेला बरा."

"पूल वाढनार आहे का तुमचा?" अश्विनशेठनी विचारलं. पण त्यांनी पंप बांधूनही दिला. गिऱ्हाइकाला दोनदा अडवणं त्यांच्या तत्त्वात बसत नसावं.

मोठा पंप म्हणजे विजेचा भार वाढवून घ्यायला हवा, असं इलेक्ट्रिशियन म्हणाला. मी वीजवाल्यांच्या कार्यालयात गेलो. खिडकीपलीकडच्या बाईंनी मान वर न करता विचारलं, "पंप शेतीचा, कारखान्याचा की पाणीपुरवठ्याचा?"

"पोहण्याचा," मी म्हणालो.

"तसा प्रकार नाहीये."

"मग मी काय करू?"

त्यांना माझी दया आली असावी. त्यांनी कॉम्प्युटरमध्ये बरंच खाली-वर करून शेवटी एक जवळचा प्रकार शोधून दिला. तो होता मत्स्यपालन. अशा रीतीने आमची सहकारी गृहनिर्माण संस्था मासे पाळू लागली. पुढे एक तपासनीस खरोखरच पाहणीला आला. त्याने पुलाच्या काठावर उभं राहून पाण्यात वाकून पाहिलं, त्याला बेडकांची पिल्लं वळवळताना दिसली आणि तो समाधानाने सही करून गेला. सिताराम ठाकुरांना हे कळलं तेव्हा त्यांनी मला मिठी मारली. "आता तुमी आमच्यातले झाले," ते म्हणाले.

ही मंजुरी येईपर्यंत मी दुसरी खरेदी उरकली. जाईसाठी पोहण्याचा पोशाख. वाशीच्या दुकानातल्या मुलीने विचारलं, "काका, बेबी केवढी आहे?" मी कमरेजवळ हात धरला, "एवढी." शुभदा आजारी असताना जाई आली होती, तेव्हा ती माझ्या कमरेला लागत होती. त्यानंतर मी तिला फोनवरच पाहिलं, आणि फोनवर फक्त चेहरा दिसतो. चेहऱ्यावरून उंची कळत नाही. मी हात थोडा वर नेला, मग आणखी थोडा. "मोठाच द्या," मी म्हणालो. "दोन मापं मोठा." गुलाबी रंग, त्यावर पिवळे मासे. घरी गोजराबाईंना दाखवला तर त्यांनी तो दोन्ही हातांनी ताणून बघितला आणि म्हणाल्या, "माझ्या नातीला बी मी असंच मोठं घेते. काय नाय होत काका, गुंडाळून घालंल."

अखेर पंप बसवायचा दिवस उगवला. पाइपाचं तोंड आणि पंपाचं तोंड एकमेकांना बघायला तयार नव्हतं, म्हणून प्लंबरने मध्ये दोन जोडपाइप टाकले, आणि त्या सगळ्यावर भरपूर टेप गुंडाळली. पूल रिकामा करून नवं पाणी भरलं होतं. खुर्ची वर निघाली होती. अरुणाताई पंपाच्या विरोधात होत्या, पण पूजेच्या विरोधात नव्हत्या. त्यांनी पंपावर कुंकवाने स्वस्तिक काढलं, नारळ वाढवला, झेंडूची माळ घातली. यशराज पोहण्याच्या चड्डीत उभा होता, कारण सॉफ्ट लाँच चेअरमनच्या हस्ते व्हायचं होतं. कानातलं यंत्र तेवढं त्याने तसंच ठेवलं होतं. तो पाण्यात उतरला. मी बटण दाबलं.

आधी झेंडूची माळ मोटरच्या पंख्यात गेली आणि तिच्या पाकळ्या आमच्या सगळ्यांच्या अंगावर आल्या. तोवर सगळं मंगलच वाटत होतं. मग भिंतीतल्या छिद्रांतून पाणी असं सुटलं, की यशराज उथळ पाण्यात उभा होता तो पाठीमागून कोणी ढकलल्यासारखा चालू लागला आणि पलीकडच्या काठाला जाऊन टेकला. "काका, बंद करा!" तो ओरडला. मला वाटलं तो अमेरिकेशी बोलतोय. एवढ्यात त्या छिद्रांतून पाण्याबरोबर वाळू यायला लागली. फिल्टरमध्ये जी वाळू भरलेली असते ती सगळी. फिल्टर जुन्या पंपाच्या मापाचा होता, त्याला हा जोर सोसवेना आणि त्याने पोटातलं सगळं बाहेर काढलं. बघता बघता पुलाच्या तळाला चौपाटी तयार झाली. आणि मग दिवे गेले. सगळ्या सोसायटीचे. कुठूनतरी, भिंतीच्या आतून आल्यासारखा, सिताराम ठाकुरांचा आवाज ऐकू आला. मोठ्या पंपाचं उद्घाटन बघायला ते निघाले होते आणि दोन मजल्यांच्या मधे लिफ्टमध्ये अडकले होते.

"पेडनेकर साहेब," ते आतून विचारत होते, "पंप जोरान चालतंय ना?"

दुसऱ्या दिवशी आम्ही लिफ्ट बंद ठेवून पुन्हा प्रयोग केला. या वेळी दिवे राहिले, पण थोड्याच वेळात अरुणाताई तीन जिने चढून माझ्या दारात आल्या. त्यांना दम लागला होता. "माझ्या देवघरातली घंटा आपोआप वाजतेय," त्या म्हणाल्या. "शेजारच्या दोघी हात जोडून बसल्यात. मी त्यांना काय सांगू? देव की पेडणेकर?"

मी पंप बंद केला. त्या आठवड्यात जिन्यात मला कोणी पंपाचं विचारलं नाही. लोक मला बघून मोबाइल काढायचे. बेल पुन्हा दिवसातून एकदाच वाजू लागली आणि जास्तीचं दूध नासलं. त्या रविवारी अभिरामचा फोन आला.

"बाबा, पूल चालू झाला ना? जाई सगळ्यांना सांगतेय."

"म्हणजे काय, झालाच," मी म्हणालो.

"फक्त एक झालंय. हिच्या मावशीने महाबळेश्वर ठरवलंय. त्यामुळे चार दिवस जमणार नाही. दोन दिवस नक्की."

"दोन तर दोन," मी म्हणालो. कॅलेंडरवर चार चौकोनांत मी निळ्या पेनने जाई लिहून ठेवलं होतं, त्यातले दोन खोडले. मग मोठा पंप टेम्पोत घालून मी पावण्याला गेलो.

अश्विनशेठ माल परत घ्यायला तयार नव्हते, आणि पंपावरचं स्वस्तिक बघून तर मुळीच नव्हते. "पूजा झालेला माल मी कोनाला विकू?" त्यांचं म्हणणं रास्त होतं. शेवटी सिताराम ठाकूर धावून आले. त्यांनी तो पंप आपल्या तलावासाठी घेतला. लिफ्टमध्ये अडकूनही त्यांची मोठ्या पंपावरची श्रद्धा ढळली नव्हती. त्यांच्या कोळंबीचं पुढे काय झालं ते मी विचारलेलं नाही. मी मात्र एकचा पंप घेऊन आलो. एक हॉर्सपॉवर. तो इतका लहान होता, की मी रिक्षात मांडीवर घेऊन आलो.

फिल्टरमध्ये वाळू परत भरली, लहान पंप बसवला. या वेळी पूजा नव्हती, प्रेक्षक नव्हते. बटण दाबलं तर मला वाटलं चालूच झाला नाही. कान लावला तेव्हा आत कोणीतरी हळूहळू गुळण्या करतंय असा आवाज आला. अरुणाताईंना तो आवाज ऐकूच आला नाही. यशराज म्हणाला, "काका, हा खूप स्लो आहे. दिवसभर चालवावा लागेल. सकाळी चालू, संध्याकाळी बंद. कोण करणार?" आणि माझ्याकडे बघून त्याने किल्ली माझ्या हातात दिली. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. सकाळी उठून जायला एक जागा झाली.

पाणी हळूहळू निवळत होतं. आधी पहिल्या पायरीची फरशी दिसली, मग दुसऱ्या. मी रोज जाऊन बघायचो. मध्ये अभिरामचा फोन येऊन गेला. महाबळेश्वरहून पुण्याला परत यायचं, मग कोणाचं तरी केळवण, आणि परतीचं विमान मुंबईहून, त्यामुळे असं ठरलं होतं की विमानतळावर जाताना दुपारी ते दोघं, म्हणजे अभिराम आणि जाई, माझ्याकडे येतील. सूनबाई सामानासकट आपल्या आई-वडिलांबरोबर परस्पर विमानतळावर जाईल. "दोन-तीन तास तरी नक्की, बाबा," तो म्हणाला. उरलेल्या दोन चौकोनांतला मी एक खोडला आणि दुसराही अर्धा खोडला. यशराजला, अरुणाताईंना, कोणाला काही सांगितलं नाही. नात चार दिवस येणार म्हणून सगळी सोसायटी कामाला लावली होती. आता कोणत्या तोंडाने सांगणार?

तो दिवस आला. तळाच्या निळ्या फरश्या लख्ख दिसत होत्या. यशराजने फुगे लावले होते, समोसे मागवले होते. सोसायटीची पोरं टॉवेल घेऊन बसली होती, पण जाई उतरल्याशिवाय कोणी उतरायचं नाही असा दम त्यांना अरुणाताईंनी दिला होता. मी गेटवर उभा होतो. गाडी आली. पुढून अभिराम उतरला. मागचं दार उघडून एक उंचशी मुलगी उतरली. मी हसून तिला वाट दिली आणि गाडीत वाकून पाहिलं.

"जाई कुठाय?" मी विचारलं.

"आजोबा," ती मुलगी म्हणाली, "मीच आहे."

ती माझ्या खांद्याला लागत होती. चेहरा तोच, रविवारचा. मी तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेलो आणि हात कुठल्या उंचीला न्यायचा ते मला कळेना.

वर जाऊन मी तिला तो पोशाख दिला. तिचे स्वतःचे पोहण्याचे कपडे आईबरोबर सामानात गेले होते. ती बाथरूममध्ये गेली. आम्ही बाहेर बसलो. अभिराम मला टोरांटोचं हवामान सांगत होता. बराच वेळ झाला. मग ती बाहेर आली, आपल्याच कपड्यांत. पोशाख तिने नीट घडी घालून हातात धरला होता.

"आजोबा, खूप छान आहे," ती म्हणाली. "मासे मला आवडले. पण तो खांद्यापर्यंत येतच नाही."

"दोन मापं मोठा घेतला होता," मी म्हणालो.

"हो, पण मी खूपच मोठी झाले ना," ती म्हणाली. मला वाईट वाटू नये म्हणून ती हे अगदी हळू म्हणाली, आणि त्यामुळेच मला फार वाईट वाटलं.

आम्ही खाली गेलो. जाईने जीन्स गुडघ्यापर्यंत दुमडली आणि काठावर बसून पाय पाण्यात सोडले. मीही पँट दुमडून तिच्या शेजारी बसलो. टॉवेलवाली पोरं आणि समोसेवाली मोठी माणसं लांबून बघत होती. कोणी काही विचारलं नाही, एवढी त्यांची माझ्यावर कृपा.

"तो आवाज कसला?" जाईने विचारलं.

"पंपाचा. लहानसा आहे. आधी मोठा आणला होता, तो बसला नाही."

"माझ्या स्विमसूटसारखा?"

"नाही. त्याच्या अगदी उलट."

ती हसली. मीही हसलो. मग मी तिला सगळं सांगितलं. घंटा, वाळू, लिफ्टमधले ठाकूर, मत्स्यपालन. ती इतकी हसली, की तिने माझा दंड धरला. यशराजचं चालणं मी बसल्या बसल्या करून दाखवलं. ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही फोनवर असं का नाही बोलत?" फोनवर मला कोणी दंडाला धरत नाही, हे तेव्हा सुचायला हवं होतं.

"तुम्हाला पोहता येतं?" तिने विचारलं.

"नाही."

तिने पाण्याकडे पाहिलं, फुग्यांकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. पाण्यात तिने आपलं पाऊल माझ्या पावलाला लावून बघितलं. थोडंसंच लहान होतं.

मग अभिराम घड्याळ बघत आला. जाताना जाईने मला मिठी मारली. मागच्या वेळी ती माझ्या पोटाला बिलगली होती, या वेळी तिचं डोकं माझ्या हनुवटीला लागलं. गाडी वळली आणि मागे पोरांनी धडाधड पाण्यात उड्या मारल्या. त्यांचा आरडाओरडा ऐकत मी तिथेच उभा होतो. इतक्या माणसांत मला इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं. यशराजने समोसा आणून दिला. या वेळी गरम होता.

घरी येऊन मी तो पोशाख धुतला. घालून बघताना तिने तो ओढला असणार, एका बाजूची शिवण जरा उसवली होती. बाल्कनीच्या दोरीवर वाळत घातला. सकाळी पंप चालू करायला खाली गेलो तर अरुणाताई तुळशीला पाणी घालत होत्या. त्यांनी वर बघितलं.

"नात राहिली वाटतं?" त्यांनी आनंदाने विचारलं.

"हो," मी म्हणालो. "आहे अजून."

तो पोशाख मी बरेच दिवस काढला नाही. अरुणाताईंनीही पुन्हा विचारलं नाही. एकदा मात्र त्या खिरीची वाटी घेऊन तीन जिने चढून आल्या. वाटी एकच होती.

रविवारी अभिरामचा कॉल आला. तिकडे बर्फ पडत होता, इकडे हवा छान होती. जाईने पडद्यात डोकं घालून विचारलं, "मिस्टर भोईटे पाण्यात चालले का परत?" आणि ती शाळेच्या कुठल्याशा कार्यक्रमाला पळाली. मग मी अभिरामला म्हणालो, "तिचं माप सांगून ठेव रे. या वेळी बरोबर मापाचा आणतो. वाढत्या अंगाचा वगैरे काही नाही."

अभिरामने जाई पळाली त्या दाराकडे पाहिलं.

"आत्ता नका घेऊ, बाबा," तो म्हणाला. "आम्ही परत येईपर्यंत ते माप राहणार नाही."

म्हणजे कधी, ते मी विचारलं नाही. बरं म्हटलं, फोन ठेवला, आणि संध्याकाळ झाली होती म्हणून किल्ली घेऊन पंप बंद करायला खाली गेलो.